नावाचं गाव आणि नावाचं घर: ‘मोल्सवर्थ’ हे दुर्मिळ आडनाव इंग्लंडच्या नकाशावर कसं शोधावं

भाषांतराचं काम करणाऱ्या माझ्यासारखीच्या टेबलावर एक जाडजूड कोश कायम उघडा असतो: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी या जुळ्या भावांच्या मदतीने त्यांनी आपल्या भाषेचे शब्द गोळा केले. ‘मोल्सवर्थ काढून बघ’ असं आपण इतक्या सहज म्हणतो की ते एका माणसाचं आडनाव आहे हेच विसरायला होतं. हे आडनाव आलं कुठून, इंग्लंडात ते कुठे कुठे होतं आणि आज कुठे आहे, हे शोधायला बसले तेव्हा त्यामागची सगळी रीत शिकावी लागली. ती रीत इथे मांडते आहे. उदाहरण मोल्सवर्थचं घेतलं असलं, तरी कोणतंही दुर्मिळ इंग्रजी आडनाव याच वाटेने शोधता येतं.

आधी आडनावाची जात ओळखा

इंग्रजी आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची असतात: बापाच्या नावावरून पडलेली, धंद्यावरून पडलेली, टोपणनावावरून आलेली आणि गावावरून आलेली. स्मिथसारखं धंद्याचं आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं, त्यामुळे त्याचं ‘मूळ गाव’ शोधण्यात अर्थ नसतो. गावावरून आलेलं नाव मात्र शोधाला सोयीचं, कारण त्याचं एक टोक जमिनीत घट्ट रोवलेलं असतं.

मोल्सवर्थ हे गाव आजही आहे. पूर्वी ते हंटिंगडनशायरमध्ये होतं, आता केंब्रिजशायरमध्ये मोडतं. १०८६च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या जुन्या सरकारी दप्तरात, ते ‘मोल्सवर्दे’ असं सापडतं. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार. पहिला भाग ‘मूल’ या माणसाच्या नावावरून आला आहे (आपल्या ‘मूल’ शब्दाशी त्याचा काही संबंध नाही). मूलचं आवार, एवढाच अर्थ.

इथे मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा एक गोष्ट लवकर उमगेल. वेंगुर्ल्यात राहणाऱ्याला कुणी वेंगुर्लेकर म्हणत नाही, तिथे सगळेच वेंगुर्ल्याचे. तो मुंबईला गेला की वेंगुर्लेकर होतो. मोल्सवर्थचंही तसंच आहे. ‘मोल्सवर्थचा अमुक’ ही ओळख गाव सोडल्यावरच चिकटते. म्हणून अशा आडनावाची दाटी त्याच्या गावात नव्हे, तर गावापासून काही अंतरावर शोधायची. नावाचं गाव एक आणि नावाचं घर दुसरं. हे लक्षात न घेता गावातल्याच नोंदी चाळत बसलं, की हाती काही लागत नाही आणि माणूस काम सोडून देतो.

लेखनभेदांची यादी, आणि त्यातला चेशायरचा फसवा खड्डा

संगणकावर शोध सुरू करण्याआधी कागदावर नावाची सगळी रूपं लिहून काढा. अठराव्या शतकापर्यंत स्पेलिंग ठरलेलं नव्हतं, पाद्री किंवा कारकून कानाला जसं ऐकू येई तसं लिहीत. १६३२ साली एका विधवेने आपलं आयुष्य पद्यात लिहून ठेवलं. तिचं नाव मार्था, आणि आडनाव त्या हस्तलिखितात ‘मूल्सवर्थ’ असं, ‘ओ’नंतर ‘यू’ घालून लिहिलं आहे. म्हणजे यादीत निदान एवढं हवं: ‘ओ’ असलेलं, ‘ओयू’ असलेलं, नुसतं ‘यू’ असलेलं, दोन ‘एल’ असलेलं, मधला ‘ई’ गळालेलं, आणि शेवटचा ‘एच’ गळालेलं रूप.

आता सावधगिरीची गोष्ट. चेशायरमध्ये ‘मोल्ड्सवर्थ’ नावाचं वेगळंच गाव आहे आणि त्यावरून पडलेलं आडनावही वेगळं. एका ‘डी’चा फरक. ही दोन नावं एकत्र मोजली, तर चेशायरच्या बाजूला दाट वस्तीचा एक ढीग दिसू लागेल आणि तो पूर्ण खोटा असेल. जुन्या नोंदींच्या संकेतस्थळांवर ‘साउंडेक्स’ नावाची सोय असते. ती सारख्या उच्चाराच्या नावांना एकच सांकेतिक क्रमांक देते. मोल्सवर्थ आणि मूल्सवर्थ या दोन्हींचा क्रमांक ‘एम४२६’ येतो, मोल्ड्सवर्थचा मात्र ‘एम४३२’. ही सोय इथे आपल्या बाजूने आहे, पण कारकुनाने ‘डी’ गाळला असेल तर ती काही करू शकत नाही. त्यामुळे चेशायर आणि लँकेशायरमधली प्रत्येक नोंद हाताने तपासा, आणि खात्री होत नसेल तर तिला तक्त्यात वेगळा रंग द्या.

दुसरा खड्डा हस्ताक्षराचा. जुन्या वळणात मोठा ‘एम’ आणि मोठा ‘एच’ सारखे दिसतात, आणि डेव्हनमध्ये ‘होल्सवर्दी’ नावाचं बाजारपेठेचं गाव आहे. उतरवून घेणाऱ्याने एक अक्षर चुकवलं की माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो. मूळ पानाचं छायाचित्र उपलब्ध असेल तर नेहमी तेच बघा. त्याच पानावर ‘मेरी’ किंवा ‘मार्गारेट’ शोधायचं, तिचा ‘एम’ आपल्या नावाच्या ‘एम’शेजारी ठेवायचा आणि तुलना करायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण कितीतरी शंका त्यानेच मिटतात.

सुरुवात १८८१पासून करा, १०८६पासून नको

पुष्कळ जण मध्ययुगापासून सुरुवात करतात. मी उलट सांगेन. आधी १८८१च्या जनगणनेचा नकाशा तयार करा आणि तिथून मागे-पुढे सरका. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडची १८८१ची संपूर्ण जनगणना स्वयंसेवकांनी उतरवून काढली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते. आडनावांच्या वितरणाचा जवळजवळ सगळा अभ्यास याच वर्षाला पाया धरतो, म्हणून तुमच्या आकड्यांची इतरांशी तुलनाही होऊ शकते.

स्प्रेडशीट उघडा आणि रकाने असे ठेवा: वर्ष, नोंदीचा प्रकार, नाव जसं लिहिलंय तसं, राहण्याचं ठिकाण, जन्माचं ठिकाण, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, जुनी काउंटी (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा), शेरा. ‘जसं लिहिलंय तसं’ या रकान्यात कधीही सुधारणा करू नका. स्पेलिंगचा बदल हाच पुढे पुरावा ठरतो.

‘जुनी काउंटी’ हा रकाना वेगळा का? कारण हंटिंगडनशायर १९६५ साली पीटरबरोच्या भागाशी जोडलं गेलं आणि १९७४ साली केंब्रिजशायरमध्ये विलीन झालं. आजच्या सीमा धरून जुनी माणसं मोजली तर नकाशा चुकतो. शोधताना आणखी एक त्रास होईल: ‘मोल्सवर्थ’ टाकलं की तिथला हवाई दलाचा तळ आणि १९८०च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध झालेली आंदोलनं, हेच निकाल वर येतात. शोधशब्दांत ‘बाप्तिस्मा’, ‘विवाह’, ‘मृत्युपत्र’ यांचे इंग्रजी शब्द जोडा, म्हणजे ती गर्दी कमी होते.

माणसं मोजू नका, प्रमाण मोजा. आणि त्याआधी घरं मोजा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

पुष्कळ आडनावांची सर्वांत जास्त माणसं लंडनमध्ये दिसतात, कारण लंडनमध्ये माणसंच सर्वांत जास्त. १८८१ साली लंडनची वस्ती सुमारे ३८ लाख होती, कॉर्नवॉलची सुमारे ३ लाख ३० हजार आणि हंटिंगडनशायरची जेमतेम ६० हजार. म्हणून दर लाख वस्तीमागे किती, हे प्रमाण काढायचं: आडनावाची माणसं भागिले काउंटीची वस्ती, गुणिले एक लाख.

आता बघा काय होतं. समजा, सहा जणांचं एकच कुटुंब आहे. ते लंडनमध्ये असेल तर प्रमाण येतं लाखामागे सुमारे ०.१६. कॉर्नवॉलमध्ये असेल तर १.८. आणि हंटिंगडनशायरमध्ये असेल तर थेट १०. घर तेच, आई-बाप आणि चार लेकरं, पण नकाशावर लंडन कोरं राहतं आणि हंटिंगडनशायर गडद लाल होतं. स्मिथ किंवा जोन्सच्या बाबतीत हा दोष दिसत नाही, कारण तिथे आकडे मोठे असतात. दुर्मिळ आडनावाच्या नकाशावर मात्र एक बाळंतपण रंग बदलू शकतं.

म्हणून मी तीन आकडे शेजारी शेजारी ठेवते: माणसं, घरं आणि लाखामागचं प्रमाण. एखाद्या काउंटीत प्रमाण मोठं पण घर एकच असेल, तर तिला मी रंग देत नाही, फक्त ठिपका देते. संकेतस्थळांवर मिळणारे तयार नकाशे हे करत नाहीत. ते बघायला जरूर बघा, पण त्यांवर निष्कर्ष उभारू नका.

आणखी एक बारकावा. १८८१ची माणसं मोजताना लग्न करून आलेल्या बायकाही त्यात येतात, आणि लग्न करून गेलेल्या मुली गळतात. जन्मांची संख्या मोजली तर हा घोळ टळतो. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सुरू झाली. तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट आहे. १८३७ ते १८५१ या काळातले आपल्या नावाचे सगळे जन्म नोंदणी-विभागाप्रमाणे मांडा. हा तुमचा दुसरा, स्वतंत्र नकाशा. दोन्ही नकाशे एकच गोष्ट सांगत असतील तर पुढे जा.

रेल्वेच्या आधीचा नकाशा म्हाताऱ्यांकडून मिळतो

१८४१च्या जनगणनेत नावं आहेत, पण जन्मस्थान म्हणजे फक्त ‘याच काउंटीत जन्म: हो किंवा नाही’. पंधरा वर्षांवरच्यांचं वयही पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं. १८५१पासून मात्र जन्माचा परगणा, म्हणजे पॅरिश, लिहायला लागले. ही केवढी मोठी सोय आहे! १८५१च्या यादीतून साठीच्या पुढची माणसं वेगळी काढा. ती १७९१च्या सुमारास किंवा त्याआधी जन्मलेली. ती आता मँचेस्टरला राहोत की लंडनला, त्यांच्या जन्मगावांचा नकाशा काढला की गिरण्या आणि रेल्वे येण्याआधीचं इंग्लंड समोर उभं राहतं. माझ्या मते या सगळ्या रीतीतली ही सर्वांत फळ देणारी पायरी आहे, आणि तिला खर्च शून्य.

१८९० साली हेन्री ब्रूहम गपी याने आडनावांची घरं शोधताना असाच विचार केला होता. त्याने व्यापारी डिरेक्टऱ्यांमधून फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली, कारण शेतकरी सहसा जागा सोडत नाही.

पुढच्या बाजूला १९११ची जनगणना जरूर बघा. यात कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागद जपला आहे, म्हणजे त्या घराने आपलं नाव स्वतःच्या हाताने कसं लिहिलं ते दिसतं. १९२१ची जनगणना २०२२पासून बघता येते. १९३१ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ साली आगीत जळाली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. या पोकळीत आधार फक्त २९ सप्टेंबर १९३९च्या नोंदवहीचा.

मागे जाताना

१८३७च्या आधी चर्चच्या वह्या. १५३८ साली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन लिहून ठेवण्याचा हुकूम निघाला, पण पुष्कळ गावांत १५५८च्या आधीचं काही उरलेलं नाही, आणि १६४०-६०च्या यादवीच्या काळात मोठी भगदाडं आहेत. वह्यांत नाव सापडलं नाही याचा अर्थ माणसं नव्हती असा काढू नका. ती भगदाडं भरायला १६४१-४२च्या शपथपत्रांच्या याद्या आणि १६६२ ते १६८९ची चूलपट्टी उपयोगी पडते. चूलपट्टी म्हणजे प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. यादीत घरात राहणाऱ्या कुटुंबप्रमुखाचं नाव आणि चुलींची संख्या असते, म्हणजे नावाबरोबर ऐपतही कळते. त्याआधी १३७७, १३७९ आणि १३८१चा डोईपट्टीचा कर.

एका गोष्टीची काळजी घ्या. चौदाव्या शतकातला ‘मोल्सवर्थचा जॉन’ हा आडनावाचा जॉन आहे की नुसता त्या गावचा, हे एका नोंदीवरून ठरत नाही. त्याच्या मुलाच्या, नातवाच्या नावापुढेही तेच लागलं, आणि तेही दुसऱ्या गावात, तरच ते आडनाव धरा.

आडनावाचा उगम तपासायला २०१६ साली ऑक्सफर्डने काढलेला ब्रिटन आणि आयर्लंडच्या कुलनामांचा चार खंडी कोश सर्वांत भरवशाचा आहे. त्यात ४५ हजारांवर आडनावं आहेत आणि जुन्या नोंदींचे दाखले तारीख-ठिकाणासह दिले आहेत. ‘कुलचिन्ह’ विकणाऱ्या दुकानांच्या पत्रकांवर मात्र विश्वास ठेवू नका.

मोल्सवर्थ गाव सोडून कुठे गेले

आता आपल्या उदाहरणाकडे. हंटिंगडनशायरला लागून असलेल्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये फॉदरिंगे इथे मोल्सवर्थांचं एक घराणं होतं. मोल्सवर्थ गावापासून एका दिवसात चालत जाता येईल एवढंच अंतर. वर म्हटलेल्या वेंगुर्लेकरांसारखंच.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलला डचीच्या, म्हणजे तिथल्या राजघराण्याच्या जहागिरीच्या, हिशेबाच्या कामावर गेला आणि पेनकॅरो इथे त्याचं घराणं रुजलं. याच घराण्यातल्या हेंडर मोल्सवर्थला १६८९ साली बॅरोनेट हा किताब मिळाला. तो जमैकाचा कारभारही पाहत होता. दुसरी फांदी आयर्लंडला गेली. डब्लिनच्या व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) १७१६ साली व्हायकाउंट या किताबाचा सरदार झाला. नैर्ऋत्येचं कॉर्नवॉल, समुद्रापलीकडचं डब्लिन आणि अटलांटिकपारचं जमैका: एका छोट्या गावाचं नाव शंभरेक वर्षांत एवढं पसरलं, आणि त्यामागे होती नोकरी, व्यापार आणि सत्ता.

यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात.

आयरिश फांदी शोधायची तर इंग्लंडची रीत चालत नाही. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे फक्त तुकडे उरले. तिथे १९०१ आणि १९११च्या जनगणना (फुकट आहेत) आणि १८४७ ते १८६४ची ग्रिफिथची जमीन-आकारणी यांवरच उभं राहावं लागतं.

कॅरिबियन बेटांवर एखादं इंग्रजी आडनाव दिसलं की त्याला लगेच वंशाची रेघ जोडू नका. गुलामगिरी संपल्यावर हजारो माणसांच्या नावापुढे मळेवाल्याचं किंवा कारभाऱ्याचं आडनाव लागलं. त्या माणसांचा इतिहास त्यांचा स्वतःचा आहे. त्यांना इंग्रज घराण्याची शाखा म्हणून मांडणं चुकीचं आणि अन्यायाचंही.

आणि रस्त्यांच्या नावांना भुलू नका. डब्लिन, कॉर्नवॉलमधलं वेडब्रिज आणि न्यूझीलंडचं वेलिंग्टन, तिन्हीकडे मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. न्यूझीलंडमधलं सर्वांत मोठं पशुपालन क्षेत्रही मोल्सवर्थच. अशा नावांवरून घराण्याचं वजन कळतं, तिथे त्या नावाची माणसं किती राहत होती हे कळत नाही.

दुर्मिळ आडनावं दुर्मिळ का राहतात, यालाही उत्तर आहे. मुलींकडून नाव पुढे जात नाही. दोन-तीन पिढ्या मुलगे झाले नाहीत की फांदी नावापुरती संपते. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉट्सन यांनी १८७४ साली याचं गणित मांडलं. काही घराणी हे टाळायला जोडनाव घेतात, जसं पेनकॅरोचं ‘मोल्सवर्थ-सेंट ऑबिन’. म्हणून शोधताना नावाचे दोन्ही भाग टाकून बघा, नाहीतर अख्खी शाखा ‘एस’खाली दडून राहते.

आजचा नकाशा

आजच्या वितरणासाठी लोक मतदारयादीचा आधार घेतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी १८८१ आणि १९९८ यांची तुलना करणारे नकाशे केले, तेही याच आधारावर. २००२पासून मात्र ब्रिटनमध्ये मतदाराला विक्रीच्या यादीतून आपलं नाव काढून घेता येतं. त्यानंतरच्या विकत मिळणाऱ्या याद्या अपुऱ्या आहेत. आकडा घटलेला दिसला तर तो आडनाव घटल्याचा की यादी घटल्याचा, हे आधी विचारा. हयात माणसांचे पत्ते तक्त्यात ठेवू नका. काउंटी आणि संख्या एवढं पुरतं.

दोन लांबच्या घरांचा पूर्वज एकच का, हे कागद सांगू शकत नसेल तर वाय गुणसूत्राची चाचणी मदत करते, कारण तेही आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडनाव जितकं दुर्मिळ, तितकी ते धारण करणारे पुरुष एकाच पूर्वजाचे असण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं.

आणि मुंबई इलाख्यातून तिकडे जाण्याची वाट

ही वाट आपल्याला जवळची आहे. पुणे, महाबळेश्वर, दापोली इथल्या जुन्या इंग्रजी दफनभूमींत किंवा मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जी दुर्मिळ आडनावं भेटतात, त्यांची नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं तिथे ‘एन/३’ या मालिकेत आहेत (‘एन/१’ बंगालची, ‘एन/२’ मद्रासची). ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या फिबिस संस्थेचा शोधही फुकट आहे, सुरुवात तिथूनच करा.

नाव कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं असेल तर पुढचा कागद कॅडेटचा अर्ज. हे अर्ज ‘एल/मिल/९’ या मालिकेत आहेत. फौजेत भरती होणाऱ्या पोराला वय सिद्ध करावं लागे, म्हणून अर्जाला बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, पाद्र्याच्या सहीचा. त्या दाखल्यावर परगण्याचं नाव असतं. ते तक्त्यात ‘जन्माचं ठिकाण’ या रकान्यात भरा, आणि मग त्याच परगण्याची चूलपट्टीची यादी मागवा.